कंटेंट रिपॉझिटरी की रिलेशनल डेटाबेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे सॉफ्टवेअर उभारताना माहिती कशात साठवायची हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात समोर येतो आणि त्याचे उत्तर पुढची कित्येक वर्षे आपल्यासोबत राहते. खालील उत्तरे जावाच्या जगातील कामावर आधारलेली आहेत. म्हणजे एका बाजूला जेसीआर (जावा कंटेंट रिपॉझिटरी) हे प्रमाण आणि ते पाळणाऱ्या जॅकरॅबिट व ऑक या रिपॉझिटरी, तर दुसऱ्या बाजूला जेडीबीसी किंवा जेपीए या जावाच्या जोडणी-पद्धतींमार्फत वापरले जाणारे पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ऑरॅकल यांसारखे रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवणारे, डेटाबेस.

कंटेंट रिपॉझिटरी म्हणजे नेमके काय?

रिपॉझिटरीत सगळी माहिती एका झाडाच्या रूपात मांडलेली असते. झाडाच्या प्रत्येक घटकाला नोड म्हणतात. नोडला नाव असते, त्याच्याखाली पोटनोड असू शकतात आणि त्याला स्वतःच्या प्रॉपर्टी असतात. प्रॉपर्टीमध्ये मजकूर, संख्या, तारीख, दुसऱ्या नोडचा संदर्भ किंवा चक्क एखादी मोठी फाइलही ठेवता येते. मूळ नोडपासून त्या नोडपर्यंतची नावे ओळीने लिहिली की त्याचा पाथ तयार होतो, आणि हा पाथ हाच त्या माहितीचा पत्ता असतो. संगणकावरील फोल्डर आणि फाइली यांची ओळख असलेल्या कोणालाही ही मांडणी लगेच समजते. रिपॉझिटरी त्या मांडणीवर आणखी काही सोयी देते : जुन्या आवृत्त्या जपणे, नोड लॉक करणे, पाथनुसार परवानग्या देणे, बदल झाल्यावर प्रोग्रामला सूचना पाठवणे आणि मजकुरात शोध घेणे.

जावासाठी या सोयींचे प्रमाण जेएसआर-१७० या नावाने २००५ मध्ये मंजूर झाले आणि त्याची सुधारित आवृत्ती जेएसआर-२८३ या नावाने २००९ मध्ये आली. दोन्ही वेळी नेतृत्व स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील डे सॉफ्टवेअर या कंपनीचे डेव्हिड न्यूशेलर यांनी केले, आणि दोन्ही प्रमाणांची नमुना अंमलबजावणी म्हणून अपाची जॅकरॅबिट हे मुक्त सॉफ्टवेअर तयार झाले. २०१० मध्ये ॲडोबीने डे सॉफ्टवेअर विकत घेतली. पुढे जॅकरॅबिटची अंतर्गत रचना नव्याने लिहून ऑक हा प्रकल्प उभा राहिला, त्याची १.० ही आवृत्ती २०१४ मध्ये आली, आणि ॲडोबी एक्सपिरिअन्स मॅनेजर या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीच्या पोटात आज तोच आहे. त्यामुळे एखाद्या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर काम करणाऱ्या प्रोग्रामरची जेसीआरशी गाठ बहुधा स्वतःच्या निवडीने पडत नाही, ती विकत घेतलेल्या प्रणालीसोबत पडते. म्हणूनच हे साधन कशासाठी आहे हे समजून घेण्याची गरज अधिक आहे.

दोघांमधला मूळ फरक कोणता?

पुष्कळ जण सांगतात की एकात झाड असते आणि दुसऱ्यात टेबले असतात. हे खरे आहे, पण फरकाचे मूळ त्याहून खोल आहे. माहिती साठवतानाच ती कोणत्या वाटेने वाचली जाईल हे ठरवायचे की नाही, हा खरा मुद्दा आहे.

हा वाद जुना आहे. आयबीएमचा आयएमएस हा झाडाच्या रचनेचा डेटाबेस १९६० च्या दशकात अपोलो मोहिमेतील असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी तयार झाला. यंत्राचे भाग, त्यांचे उपभाग, त्यांचेही उपभाग अशी ती माहिती मुळातच झाडासारखी होती, म्हणून रचना तिला शोभून दिसली. अडचण तेव्हा येते जेव्हा कोणी उलट्या दिशेने विचारतो, की अमुक एक स्क्रू कोणकोणत्या यंत्रांत वापरला आहे? झाड वरून खाली रचलेले असते. आडव्या प्रश्नासाठी एक तर सगळे झाड फिरावे लागते किंवा दुसरे झाड रचावे लागते. आयबीएममध्येच काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले, तेव्हा त्यांच्या मुख्य आक्षेपांपैकी एक हाच होता की प्रोग्राम वाचनाच्या वाटेला जखडले जातात आणि माहितीची रचना बदलली की ते मोडतात. रिलेशनल डेटाबेसमध्ये वाट आधी ठरवावी लागत नाही. प्रश्न विचारला जातो तेव्हा डेटाबेस स्वतः वाट शोधतो.

असे असताना २००५ मध्ये झाडाकडे पुन्हा वळण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की काही माहितीची वाट खरोखरच ठरलेली असते. संकेतस्थळावरील पान त्याच्या पत्त्यावरून उघडले जाते, आणि त्या पानावरील परिच्छेद व छायाचित्रे यांना त्या पानाबाहेर फारसा अर्थ नसतो. तेथे झाड सोयीचे ठरते.

मग निवड करताना स्वतःला कोणता प्रश्न विचारावा?

माझ्या मते एकच प्रश्न पुरेसा आहे : या माहितीतील एक नग उचलून वेगळा ठेवला, तर तो एकट्याने अर्थपूर्ण राहतो का?

वृत्तपत्रातील लेख घ्या. शीर्षक, मजकूर, छायाचित्र, छायाचित्राखालची ओळ, लेखकाचे नाव हे सगळे एकत्र असले की लेख पूर्ण होतो. तो कुठे आहे, त्याची मागची आवृत्ती काय होती, तो कोणाला बदलता येतो, हे प्रश्न त्या एका लेखापुरते आहेत. आता त्याच वृत्तपत्राच्या वर्गणीदारांचा हिशेब घ्या. एका वर्गणीदाराची ३०० रुपयांची एक पावती एकटी काही सांगत नाही. ती त्या वर्गणीदाराच्या खात्याशी, विक्रेत्याच्या कमिशनशी, महिन्याच्या जमेशी आणि कराच्या हिशेबाशी जुळली तरच तिला अर्थ आहे, आणि त्यांपैकी एकही जुळणी चुकली तर पैसे चुकतात. लेख रिपॉझिटरीत शोभतो, पावती टेबलात.

मला हा प्रश्न इतर कसोट्यांपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो, कारण माहितीचा आकार, नोंदींची संख्या, टीमची आवड हे सगळे काळानुसार बदलते. पावती मात्र दहा वर्षांनीही एकटी निरर्थकच राहते.

अगदी साध्या संकेतस्थळालाही रिपॉझिटरी हवी का?

नको. पाचपंचवीस पाने, एक संपादक आणि आवृत्त्यांची गरज नाही, अशा ठिकाणी रिलेशनल डेटाबेसमधील दोन टेबले पुरतात.

आवृत्त्या आणि लॉक टेबलांमध्येही करता येतात. मग रिपॉझिटरीचा फायदा तो काय राहिला?

करता येतात, आणि अनेक टीम ते करतातही. फायदा समजण्यासाठी एकदा ते काम हाताने करून पाहावे लागते. पहिल्या दिवशी लेखाच्या टेबलाशेजारी लेखाच्या आवृत्त्यांचे टेबल येते. मग लक्षात येते की लेखाला जोडलेल्या छायाचित्रांचीही त्या दिवशीची स्थिती जपायला हवी, म्हणून त्यांच्या आवृत्त्यांचे टेबल येते. मग चौकटी, तक्ते, संबंधित दुवे. जुनी आवृत्ती परत आणायची तर या सगळ्यांना एकाच क्षणाच्या स्थितीवर न्यावे लागते. प्रत्येक नव्या प्रकारच्या घटकासोबत हे सगळे पुन्हा करावे लागते, आणि सहाव्या-सातव्या घटकाच्या वेळी कोणीतरी एक जोड विसरते.

जेसीआरमध्ये नोडला मिक्स:व्हर्जनेबल हा गुण दिला, की चेक-इन करताना (म्हणजे नवी आवृत्ती नोंदवताना) त्या नोडची आणि त्याच्या पोटनोडांची प्रत आवृत्त्यांच्या साठ्यात जाते. कोणत्या पोटनोडाची प्रत घ्यायची आणि कोणता वगळायचा हे नोडच्या प्रकाराच्या व्याख्येत सांगून ठेवता येते. येथे झाडाची रचना खरेच कामाला येते, कारण लेखाच्या मालकीचे काय काय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. जे लेखाच्या खाली आहे ते लेखाचे.

परवानग्यांचेही तसेच. 'क्रीडा' या फांदीखाली क्रीडा विभागाला लिहिता येईल, एवढे एकदा सांगितले की त्याखाली पुढे तयार होणाऱ्या प्रत्येक नोडला तो नियम आपोआप लागू होतो. पोस्टग्रेसमध्ये ओळीनुसार परवानगीची सोय ९.५ या आवृत्तीपासून आहे आणि ती उत्तम आहे, पण ती अटींच्या भाषेत लिहावी लागते आणि प्रत्येक टेबलासाठी स्वतंत्रपणे लिहावी लागते.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. आवृत्त्या आपोआप जमतात, पण आपोआप कमी होत नाहीत. किती आवृत्त्या ठेवायच्या आणि किती दिवस, हा नियम पहिल्याच महिन्यात ठरवावा.

रिपॉझिटरीत बेरजा, मोजणी, अहवाल करता येतात का?

जेसीआर-एसक्यूएल२ या क्वेरीच्या, म्हणजे माहिती मागण्याच्या, भाषेचे नाव आणि रूप रिलेशनल डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेसारखे असल्यामुळे या बाबतीत फार गैरसमज होतो. तिच्यात निवड आहे, अटी आहेत, क्रम लावणे आहे, दोन प्रकारचे नोड जोडून वाचणारे जॉइनसुद्धा आहे. पण गट पाडणे नाही, बेरीज नाही, मोजणीही नाही. एका क्वेरीने हजारो नोडांमधील प्रॉपर्टी बदलण्याची सोयही नाही. 'गेल्या महिन्यात प्रत्येक विभागात किती लेख आले' हा प्रश्न रिलेशनल डेटाबेसमध्ये एका वाक्याचा आहे. रिपॉझिटरीत त्यासाठी सगळे नोड वाचून प्रोग्राममध्ये मोजावे लागतात.

आमच्या एका प्रकल्पात नोंदणीचे अर्ज रिपॉझिटरीत ठेवण्याचा निर्णय झाला होता, आणि त्या वेळी तो मलाही योग्य वाटला होता. अर्जाचा नमुना दरवर्षी बदलत असे, अर्जासोबत कागदपत्रे जोडलेली असत आणि अर्ज भरण्याची पानेही त्याच प्रणालीत होती, त्यामुळे वेगळा डेटाबेस कशाला, असा विचार झाला. अर्ज भरण्याचे काम सुरेख झाले. मग जिल्हावार, वयोगटवार, शुल्क भरलेले व न भरलेले असे अहवाल मागितले जाऊ लागले, आणि प्रत्येक अहवालासाठी सगळे अर्ज वाचणारा नवा प्रोग्राम लिहावा लागला. शुल्काच्या पावत्या अर्जाच्या नोडाखालीच होत्या. एकाच व्यवहाराची पावती दोन अर्जांखाली नोंदली जाऊ नये, हे बंधन घालण्याची सोय जेसीआर प्रमाणात नव्हती. टेबलात ते एका युनिक (तीच किंमत पुन्हा येऊ न देणाऱ्या) बंधनाने झाले असते. शेवटी अर्जातील मोजता येण्याजोगी माहिती आणि पावत्या पोस्टग्रेसमध्ये नेल्या आणि जोडलेली कागदपत्रे रिपॉझिटरीत राहू दिली. ज्या अहवालाला पाऊण तास लागत होता, तो नंतर पान उघडताच दिसू लागला. काम मूळ बांधणीपेक्षा अधिक दिवस चालले, आणि त्या काळात ज्या कर्मचाऱ्यांना हाताने याद्या जुळवाव्या लागल्या त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटते.

रिपॉझिटरी शेवटी माहिती डेटाबेसमध्येच ठेवते. मग त्या टेबलांवर थेट एसक्यूएल चालवले तर काय बिघडते?

हा मोह टाळावा. जुन्या जॅकरॅबिटला मायएसक्यूएल किंवा ऑरॅकल जोडता येत असे हे खरे, पण तेथे एका नोडच्या सगळ्या प्रॉपर्टी एकत्र बांधून एका बायनरी कॉलममध्ये ठेवल्या जात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात शीर्षकही दिसत नाही आणि तारीखही. ऑकमध्ये माहिती स्वतःच्या टार फाइलींमध्ये, मोंगोडीबीमध्ये किंवा रिलेशनल डेटाबेसमध्ये ठेवता येते. पण रिलेशनल डेटाबेस निवडला तरी त्यात लेखांचे टेबल किंवा छायाचित्रांचे टेबल तयार होत नाही. नोडांचे एकच टेबल असते, त्यात ओळीची ओळख म्हणून खोली (झाडातील पातळी) आणि पाथ असतो, आणि प्रॉपर्टी जेसनच्या, म्हणजे नाव व किंमत अशा जोड्यांच्या मजकुराच्या, रूपात असतात. त्या जेसनमध्ये एकाच प्रॉपर्टीच्या वेगवेगळ्या क्षणांच्या नोंदी असतात, कारण एकाच वेळी अनेक सेशनना (वापरकर्त्यांच्या जोडण्यांना) आपापल्या क्षणाचे चित्र दाखवण्याचे काम त्यातून चालते. असे टेबल बाहेरून वाचले तर जुनी किंवा अजून पक्की न झालेली माहिती हाती येऊ शकते, आणि बाहेरून बदलले तर रिपॉझिटरीच्या कॅशला (हाताशी ठेवलेल्या प्रतींना) व इंडेक्सला (शोधसूचीला) त्याचा पत्ताच लागत नाही.

येथे डेटाबेस हा रिपॉझिटरीसाठी निव्वळ डिस्कसारखा आहे. अहवालांसाठी एसक्यूएल हवेच असेल, तर बदलांच्या सूचना ऐकणारा एक छोटा प्रोग्राम लिहावा आणि हवी ती माहिती वेगळ्या, स्वतःच्या टेबलांमध्ये उतरवत राहावी.

रिपॉझिटरीत आराखडा आधी ठरवावा लागत नाही. हा फायदा आहे की धोका?

सुरुवातीला फायदा आहे. एनटी:अनस्ट्रक्चर्ड या प्रकारच्या नोडवर कोणतीही प्रॉपर्टी कोणत्याही दिवशी जोडता येते, आणि संपादकांनी सकाळी मागितलेली उपशीर्षकाची ओळ दुपारी पानावर दिसू शकते. टेबलात नवा कॉलम घालायचा तर बदलाची स्क्रिप्ट, तपासणी आणि सर्व्हरवर ती चालवण्याची वेळ ठरवणे, एवढे सगळे येते.

धोका दोन वर्षांनी दिसतो. कोणी 'लेखक' लिहिले, कोणी 'लेखकाचेनाव', कोणी त्यात एक नाव ठेवले तर कोणी यादी ठेवली. रिपॉझिटरीने काहीच अडवले नाही, म्हणून वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला तिन्ही शक्यता सांभाळाव्या लागतात. स्कीमा, म्हणजे माहितीचा आराखडा, नसतो असे कधीच होत नाही. डेटाबेसमध्ये लिहिला नाही तर तो प्रोग्राममध्ये विखरून पडतो. म्हणून सुरुवात मोकळ्या नोडांनी करावी, पण एखाद्या प्रकारचे नोड शंभरावर गेले आणि त्यांचे रूप स्थिरावले, की त्यासाठी नोडचा स्वतंत्र प्रकार बांधावा आणि आवश्यक प्रॉपर्टी त्यात सक्तीच्या कराव्यात.

टेबलांतच प्रत्येक प्रॉपर्टीची एक ओळ ठेवून तशीच मोकळीक मिळवता येणार नाही का?

या पद्धतीत वस्तू, गुण आणि किंमत अशा तीन कॉलमांचे एकच मोठे टेबल असते. हिशेब करून पाहा. २०,००० लेख आणि प्रत्येकाच्या १२ प्रॉपर्टी धरल्या तर २,४०,००० ओळी होतात. ही संख्या स्वतः मोठी नाही. पण एक लेख पूर्ण वाचायचा तर बारा ओळी जोडाव्या लागतात आणि तीन प्रॉपर्टींवर अट लावायची तर टेबल स्वतःशीच तीनदा जोडावे लागते. तारीख, संख्या, मजकूर सगळे एकाच कॉलममध्ये आल्याने डेटाबेसला प्रकारही तपासता येत नाही. रिलेशनल डेटाबेसची ताकद सोडून दिली आणि रिपॉझिटरीच्या सोयीही मिळाल्या नाहीत, अशी ही स्थिती आहे. माझा सल्ला स्पष्ट आहे : ही पद्धत वापरू नये.

मग पोस्टग्रेसचा जेसनबी प्रकार हा मधला मार्ग मानावा का?

होय, आणि लहान टीमसाठी मी आज बहुतेक वेळा तोच सुचवतो. जेसन साठवणारा हा प्रकार पोस्टग्रेसच्या ९.४ या आवृत्तीत २०१४ मध्ये आला. जे ठरलेले आहे आणि ज्यावर नियम लावायचे आहेत ते साध्या कॉलममध्ये ठेवावे, आणि जे बदलते आहे ते एका जेसनबी कॉलममध्ये. झाडासाठी पालकाचा क्रमांक ठेवणारा कॉलम आणि विथ रिकर्सिव्ह ही पायरीपायरीने खाली उतरणारी क्वेरी पुरेशी होते. ती पोस्टग्रेसमध्ये २००९ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून मिळते. पाथवरूनच शोधायचे असेल तर पोस्टग्रेसमध्ये एलट्री नावाची जोडसुविधाही आहे.

आवृत्त्या, पाथनुसार परवानग्या आणि संपादकांची मंजुरीची साखळी या तिन्ही गोष्टी खरोखर लागणार असतील, तेव्हाच हा मार्ग तोकडा पडतो.

रिपॉझिटरीतील क्वेरी अचानक संथ का होते?

बहुतेक वेळा इंडेक्स नसल्यामुळे. जुने जॅकरॅबिट सगळ्या मजकुराचा ल्यूसीन या शोधप्रणालीचा इंडेक्स स्वतःहून करत असे, त्यामुळे प्रोग्रामरना विचार करावा लागत नसे. ऑकमध्ये मोजके अंतर्गत इंडेक्स सोडले तर बाकीचे आपण सांगावे लागतात. इंडेक्स नसेल तर क्वेरी लगेच चुकत नाही. ती झाडाचा तो भाग नोडामागून नोड वाचत जाते आणि लॉगमध्ये ट्रॅव्हर्सलचा इशारा लिहिते. विकासाच्या संगणकावर दोनशे नोड असतात म्हणून हे कळत नाही, आणि खऱ्या सर्व्हरवर दोन लाख नोड असतात तेव्हा कळते. तपासणीच्या वेळी लॉगमधील हा इशारा चूक मानूनच काम थांबवावे.

पण त्याआधी एक पाऊल मागे घ्यावे. पाथ माहीत असताना क्वेरी चालवलीच का? रिपॉझिटरीत नोड थेट पाथने उचलणे हा सर्वांत स्वस्त व्यवहार आहे. ज्यांचा हात टेबलांवर बसलेला असतो ते सवयीने प्रत्येक ठिकाणी क्वेरी लिहितात. याची उलट चूक रिलेशनल बाजूला दिसते : जेपीएच्या वस्तूंवरून (ओळींपासून बनवलेल्या ऑब्जेक्टवरून) झाडासारखे चालत गेल्यामुळे पन्नास लेखांच्या यादीसाठी एक अधिक पन्नास अशा एक्कावन्न क्वेरी डेटाबेसकडे जातात. दोन्ही चुकांचे कारण एकच असते. हातातले साधन दुसऱ्या साधनासारखे वापरले जाते.

एका नोडखाली किती पोटनोड ठेवावेत?

पोटनोडांचा क्रम जपायचा असेल तर हजाराच्या आत राहावे, कारण एनटी:अनस्ट्रक्चर्ड हा क्रम जपणारा प्रकार आहे आणि प्रत्येक भर घालताना क्रमाची सगळी यादी लिहावी लागते. क्रम नको असेल तर ऑकमध्ये त्यासाठी वेगळा प्रकार आहे आणि तो बऱ्याच मोठ्या संख्येला पुरतो. तरीही बातम्यांसारख्या माहितीत वर्ष, महिना, दिवस अशा पायऱ्या कराव्यात. त्या माणसालाही उपयोगी पडतात.

छायाचित्रे आणि पीडीएफ कुठे ठेवाव्यात?

ऑकमध्ये मोठ्या फाइली डेटा स्टोअर नावाच्या वेगळ्या जागी जातात आणि फाइलच्या आशयावरून काढलेला हॅश (ठशासारखा क्रमांक) हीच तिची ओळख असते. एकच छायाचित्र चाळीस लेखांना जोडले तरी डिस्कवर ते एकदाच साठते. पोस्टग्रेसच्या बायटीए या बायनरी कॉलममध्ये एका किमतीला १ जीबीची मर्यादा आहे. पण त्याच्या कितीतरी आधी बॅकअप फुगणे हीच अडचण होते. त्यामुळे रिलेशनल मार्ग निवडलेल्यांनी फाइली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइलींसाठीच्या वेगळ्या साठ्यात) ठेवाव्यात आणि टेबलात फक्त प्रत्येक फाइलची ओळख, आकार आणि हॅश ठेवावा.

दोन्ही एकत्र वापरले तर ट्रान्झॅक्शनचे काय?

ट्रान्झॅक्शन म्हणजे झाले तर सगळे, नाहीतर एकही नाही, असे एकत्र बांधलेले बदल. हा या पानावरील सर्वांत कठीण प्रश्न आहे. एखाद्या सहकारी पतसंस्थेच्या कर्जप्रणालीचे उदाहरण घेऊ. कर्जखाते, हप्ते, व्याज हे टेबलांत असणार यात शंका नाही. सातबारा उतारा, जामीनदाराची कागदपत्रे, सही केलेला करारनामा हे रिपॉझिटरीत ठेवणे सोयीचे आहे, कारण तेथे आवृत्ती आणि परवानगी महत्त्वाची आहे. आता कर्ज मंजूर करताना दोन्हीकडे एकाच वेळी लिहायचे आहे. जेसीआरमध्ये सेशनचे सेव्ह हे स्वतःपुरते अखंड असते. पण डेटाबेसचे कमिट (बदल पक्के करणे) आणि हे सेव्ह एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधण्याची सोय प्रमाणात ऐच्छिक आहे आणि ऑक ती देत नाही.

म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवावा लागतो. फाइल आधी ठेवावी आणि ओळ नंतर लिहावी. मध्येच वीज गेली तर कोणाचीच नसलेली एक फाइल उरते. ती रात्रीच्या सफाईत काढून टाकता येते आणि तिने कोणाचे नुकसान होत नाही. उलट क्रम ठेवला तर मंजूर झालेले कर्ज उरते आणि त्याचा करारनामा कुठेच नसतो. हे नुकसान भरून निघत नाही.

जेथे ओळ लिहिल्यानंतर रिपॉझिटरीत काही बदलायचे असते, उदाहरणार्थ कर्ज फिटल्यावर कागदपत्रांचे फोल्डर बंद करायचे असते, तेथे काय करायचे आहे याची नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका वेगळ्या टेबलात करावी. एक पार्श्वप्रक्रिया ती नोंद वाचते, रिपॉझिटरीत बदल करते आणि मग नोंद पूर्ण झाली असे लिहिते. तेच काम दोनदा झाले तरी बिघडू नये, अशा रीतीने ही प्रक्रिया लिहिणे बंधनकारक समजावे, कारण कधी ना कधी ती दोनदा होतेच.

दोघांना जोडणारा दुवा पाथ नसावा. कागदपत्र एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवले की पाथ बदलतो. नोडला संदर्भयोग्य करून मिळणारी कायमची ओळख टेबलात ठेवावी.

बॅकअप कोणत्या क्रमाने घ्यावा?

डेटाबेस आणि नोडांचा साठा आधी, फाइलींचा साठा नंतर. फाइलींच्या साठ्यात भर पडत जाते आणि जुनी फाइल बदलली जात नाही, त्यामुळे नंतर घेतलेल्या प्रतीत आधीच्या नोंदींना लागणाऱ्या सगळ्या फाइली असतातच. मात्र या मधल्या वेळेत निरुपयोगी फाइली काढणारी सफाई चालू नसावी.

मराठी मजकुरासाठी या दोहोंत काही फरक पडतो का?

निवडीवर परिणाम होईल इतका नाही, पण दोन्हीकडे सारख्याच काही अडचणी आहेत आणि त्या इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शनात सापडत नाहीत.

पहिली अडचण जागेची आहे. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे आहेत. ऑरॅकलमध्ये ४,००० बाइटांचा कॉलम म्हणजे देवनागरीची जास्तीत जास्त १,३३३ चिन्हे. अक्षरे त्याहूनही कमी. कॉलमची लांबी बाइटांत मोजली जाते की चिन्हांत हे आधी पाहावे. नोडांची नावे देवनागरीत देता येतात, पण काही साठ्यांमध्ये नावाच्या लांबीला बाइटांची मर्यादा असते आणि मराठी शीर्षकापासून आपोआप तयार केलेले नाव तिच्यावर सहज जाते.

दुसरी अडचण अधिक त्रासदायक आहे. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून हलन्त दिलेला असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. 'ॲ' आणि 'अॅ' यांचेही तसेच. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात सगळे बदलून घेतले तरी या जोड्या एक होत नाहीत, कारण प्रमाणाच्या दृष्टीने त्या समतुल्य नाहीत. त्यामुळे मजकूर साठवण्यापूर्वी आणि शोधशब्द पाठवण्यापूर्वी एकच रूप करणारी स्वतःची छोटी प्रक्रिया लिहावी लागते. ती साठवणाऱ्या आणि शोधणाऱ्या दोन्ही प्रोग्रामांनी वापरायची असते, म्हणून तिची एकच प्रत असावी.

सीएमआयएस या सगळ्यात कुठे बसते?

सीएमआयएस हे ओएसिस या प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेचे प्रमाण आहे, १.० ही आवृत्ती २०१० मध्ये आली आणि ते जावापुरते मर्यादित नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दस्तऐवज प्रणालींशी बाहेरून बोलण्यासाठी ते आहे. स्वतःची प्रणाली आतून कशी बांधावी याचे उत्तर त्यात शोधू नये.

चुकीची निवड आधीच झाली असेल तर काय करावे?

सगळे एकदम हलवू नये. प्रथम माहिती वाचणारा व लिहिणारा सगळा कोड एका इंटरफेसमागे आणावा, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामला नोड किंवा ओळ असा शब्दच दिसता कामा नये. बहुतेक जुन्या प्रकल्पांत हेच काम सर्वांत लांबते, कारण क्वेरी पानांच्या टेम्प्लेटपर्यंत पसरलेल्या असतात. त्यानंतर ज्या माहितीमुळे रोज त्रास होतो ती एकच निवडावी. बहुधा ती पैशांची किंवा मोजणीची असते. काही आठवडे दोन्हीकडे लिहावे, वाचन जुन्याकडूनच ठेवावे आणि रोज रात्री दोन्हीकडील नोंदी जुळवून पाहाव्यात. सलग काही आठवडे फरक शून्य आला, की वाचन नव्याकडे वळवावे. जुनी फांदी काढून टाकण्यापूर्वी किमान एक आर्थिक वर्षअखेर पार पडू द्यावी, कारण मार्चमधले काही अहवाल वर्षातून एकदाच मागितले जातात आणि ते कोणाच्याही यादीत नसतात.